शिकागोतली टकळी आणि मुंबईतला धोटा

दरवर्षी ७ ऑगस्टच्या आसपास हातमागाचे कौतुक सुरू होते. केंद्र सरकार २०१५ पासून हा दिवस ‘राष्ट्रीय हातमाग दिन’ म्हणून पाळते. १९०५ साली याच तारखेला कोलकात्यात स्वदेशीची घोषणा झाली होती, म्हणून ही तारीख. अलीकडे जुने वाडे, हवेल्या आणि संग्रहालये यांतून कापडाच्या कार्यशाळाही भरू लागल्या आहेत. कपाटातली पणजीची पैठणी बाहेर निघते, माळ्यावरचा चरखा खाली येतो, जमलेली मंडळी त्यावरची नक्षी उतरवून घेतात, चार टाके घालतात, आणि ‘आपला वारसा’ या शब्दावर कार्यक्रम संपतो.

आमचा सूत कातण्याला किंवा टाके घालण्याला विरोध नाही. घराघरात आमच्या आयाबायांनी वाकळी शिवल्या, त्या वाकळीतच आम्ही वाढलो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या वारशाच्या गोष्टीत मागावर बसलेल्या माणसाला तिथून उठायची परवानगी होती का? आणि नसेल, तर हे कार्यशाळेत कोण सांगते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही सव्वाशे वर्षे मागे, अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या एका जुन्या घरात जाणार आहोत. हे घर निवडण्याला कारण आहे. बाबासाहेबांच्या एका गुरूचा या घराशी जवळचा संबंध होता.

चार्ल्स हल नावाच्या व्यापाऱ्याने १८५६ मध्ये शिकागोत एक बंगला बांधला. पुढे शहर वाढले, श्रीमंत मंडळी दुसरीकडे गेली आणि हॅलस्टेड रस्त्यावरच्या त्या बंगल्याभोवती इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, पोलिश, आयरिश अशा स्थलांतरित मजुरांची दाट वस्ती झाली. सप्टेंबर १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन सुशिक्षित तरुणी त्या बंगल्यात राहायला आल्या. लंडनमधल्या टॉयन्बी हॉलचा नमुना त्यांच्यासमोर होता. गरिबांच्या वस्तीत शेजारी म्हणून राहायचे, पाळणाघर चालवायचे, वर्ग घ्यायचे, असा तो प्रयोग होता. ‘हल हाऊस’ म्हणून तो जगभर गाजला. जेन अ‍ॅडम्सना १९३१ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले.

अ‍ॅडम्सबाईंनी आपल्या आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे. वस्तीतली तरुण मुले आपल्या आईबापांना तुच्छ लेखतात, ही गोष्ट त्यांना फार बोचत होती. एके दिवशी पोल्क रस्त्याने जाताना एक म्हातारी इटालियन बाई दिसली. साध्या काडीच्या टकळीवर ती शांतपणे सूत काढत बसली होती. तिच्याकडे पाहून अ‍ॅडम्सबाईंना वाटले, या बाईच्या हातात जे आहे ते तिच्या मुलांना दाखवले पाहिजे. गिरणीत यंत्रावर काम करणाऱ्या मुलीला कळले पाहिजे की, तिच्या यंत्राची आजी ही टकळी आहे. यातून नोव्हेंबर १९०० मध्ये हल हाऊसच्या आवारात ‘लेबर म्युझियम’, म्हणजे श्रमाचे संग्रहालय सुरू झाले.

‘संग्रहालय’ या शब्दाने फसू नका. काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी, असला हा प्रकार नव्हता. शनिवारी संध्याकाळी वस्तीतल्या बायका तिथे येऊन प्रत्यक्ष सूत कातत, कापड विणत. एकाच खोलीत सीरियन, ग्रीक, इटालियन, रशियन आणि आयरिश बायका आपापल्या पद्धतीने कातताना दिसत. टकळीपासून चरख्यापर्यंत आणि हातमागापासून यंत्रापर्यंतचा प्रवास बघणाऱ्याला एका नजरेत कळे. शिकवणाऱ्या कोण? ज्यांना इंग्रजी धड बोलता येत नव्हते, शहराने ज्यांना अडाणी ठरवले होते, त्या आया.

आता अँजेलिनाची गोष्ट. ही मुलगी शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला हल हाऊसमध्ये येई. त्याच संध्याकाळी तिची आई संग्रहालयात सूत कातायला येई. दोघी एकाच घरातून निघत, पण अँजेलिना आईला पुढच्या दाराशी सोडी आणि स्वतः बाजूच्या दाराने आत जाई. आईच्या डोक्याला बांधलेला रुमाल, पायातले बेढब बूट आणि आखूड घागरा यांची तिला लाज वाटे. ही आपली आई आहे हे वर्गातल्या मैत्रिणींना कळू नये, एवढीच तिची धडपड. एका संध्याकाळी तिने पाहिले की, आईभोवती पाहुण्यांचा घोळका जमला आहे. अध्यापन शिकवणाऱ्या संस्थेतली ती मंडळी होती आणि ती आईच्या कातण्याची तारीफ करत होती. अँजेलिनाने अ‍ॅडम्सबाईंना विचारले, आणि बोलण्यावरून तिने अर्थ लावला की, काडीच्या टकळीवर कातणारी आईइतकी तरबेज बाई अख्ख्या अमेरिकेत नसेल. मग तिला आईच्या गावाची गोष्ट कळली. तिथले मोकळे जगणे, कड्याच्या काठावरून खाली सोडलेल्या टकळ्या, त्यातून बायकांच्या हाताला आलेले कसब. घरी पलंगाखालच्या पेटीत आईने हाताने केलेले कपडे होते, त्यांचेही तिला अप्रूप वाटू लागले. त्यानंतर मायलेकी एकाच दाराने आत येऊ लागल्या.

गोष्ट सुंदर आहे आणि आम्ही तिची टर उडवणार नाही. आपल्या आईची लाज वाटणे म्हणजे काय, हे आमच्या किती पिढ्यांनी भोगले आहे! पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती हातमाग दिनाच्या जाहिरातीला शोभेल. पुढे जायला हवे.

आधी गुरूचा संबंध सांगतो. जॉन ड्यूई १८९४ ते १९०४ शिकागो विद्यापीठात होते. हल हाऊसला त्यांचे नेहमी येणे-जाणे होते आणि संस्थेच्या पहिल्या विश्वस्त मंडळातही ते होते. त्यांनी चालवलेल्या प्रयोगशाळेत मुलांना लोकर आणि कापूस हातात देत. अर्धा तास खपून मुलांनी बोंडातला कापूस सरकीपासून वेगळा केला, तर एक औंसही हाती लागला नाही. मग मुलांना आपोआप कळले की, आपले पूर्वज सुती कपड्याऐवजी लोकरीचे कपडे का घालत. ड्यूईंचे म्हणणे असे की, सूत आणि कापड यांच्या वाटचालीत माणसाचा अख्खा इतिहास बघता येतो. हे त्यांनी १८९९ मध्ये लिहिले. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१३ साली त्याच विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. गुरूचे ऋण बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये स्वतः मान्य केले आहे.

लेबर म्युझियमची कीर्ती गाणारे एक गोष्ट हमखास विसरतात. टकळीची संध्याकाळ ज्या घरात भरत होती, त्याच घरात कापडधंद्यातल्या शोषणाविरुद्ध कायदाही आकाराला आला होता. फ्लोरेन्स केली १८९१ च्या डिसेंबरात हल हाऊसमध्ये राहायला आल्या. एंगेल्सचे इंग्लंडमधल्या कामगारांवरचे पुस्तक इंग्रजीत आणणाऱ्या याच बाई. आजूबाजूच्या कोंदट खोल्यांत बायका-मुले तुकड्यावर कपडे शिवत, त्याची त्यांनी घरोघर फिरून पाहणी केली. त्यातून १८९३ चा इलिनॉय राज्याचा कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस, आणि अंमलबजावणीला निरीक्षक. मुख्य निरीक्षक केलीबाईच झाल्या. आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. कारण काय, तर म्हणे बायकांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते! मालकाला स्वातंत्र्याची आठवण नेमकी कधी होते, हे जगभर सारखेच आहे.

१९१० च्या सप्टेंबरात शिकागोतल्या एका मोठ्या कपडे कंपनीने शिलाईच्या दरात पाव सेंटाची कपात केली. मूठभर मुली काम टाकून बाहेर पडल्या. पाहता पाहता संप चाळीस हजार कामगारांपर्यंत पोचला. हल हाऊसने त्यांना साथ दिली आणि अ‍ॅडम्सबाई तडजोडीच्या बोलण्यात उतरल्या. म्हणजे एका खोलीत आईच्या टकळीचा मान, आणि शेजारच्या खोलीत लेकीच्या मजुरीचे भांडण. आमच्या मते हल हाऊसचे मोठेपण या दोन खोल्या एका छपराखाली असण्यात आहे.

आता आपल्याकडे येऊ. त्या इटालियन बाईची टकळी गरिबीतून आणि रिवाजातून आली होती. पण तिच्या पोरीने सूतच कातावे असे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेले नव्हते. तिने कातलेले सूत चालते पण तिचा हात चालत नाही, असे तिथे कोणी म्हटले नव्हते. म्हणून तिथे कौतुकाचे औषध लागू पडले. आपल्याकडे रोगच निराळा आहे.

गुजरातेतले वणकर पाहा. नावातच विणकाम आहे, आणि तरी ते अस्पृश्य. आपल्या विदर्भात महारांचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या सूत कातून जाडेभरडे कापड विणत असे. नागपुरात १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या सुतापुढे, कापडापुढे हा धंदा बसत गेला. यातले पुष्कळ जण गिरणीत मजूर झाले. महाराने विणलेले कापड अंगावर घ्यायला कोणाला विटाळ होत नव्हता. विणणारा मात्र गावकुसाबाहेर. ‘हजारो वर्षांची विणकामाची परंपरा’ असे म्हणताना हा भाग कोणत्या पदराखाली झाकतात, ते आम्हाला पाहायचे आहे.

कोणी म्हणेल, ही गावातली जुनी गोष्ट झाली, यंत्र आल्यावर जात गेली असेल. मग मुंबईच्या गिरणीत या आणि एक वस्तू हातात घ्या. धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात सुताची कांडी. साच्यावर उभे ताणलेले धागे असतात, त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन हा धोटा इकडून तिकडे पळतो. कांडी संपली की कामगार नवी कांडी भरतो आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. हे टोक काढायची तेव्हाची रीत अशी की, भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, सूत बाहेर येते. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. यातून रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असल्या धोट्यावर १९११ मध्ये बंदी घातली.

मुंबईत याच धोट्याचा वेगळा अर्थ निघाला. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असे सवर्ण कामगार म्हणाले. परिणाम? गिरणीत विणकाम खात्याला मजुरी चांगली, आणि नेमक्या त्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद. त्यांनी कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यांत काम करायचे. मालक पारशी असो, भाटिया असो की इंग्रज, यंत्र लँकेशायरहून आलेले असो, जात धोट्याच्या भोकातून सूत ओढावे तशी कारखान्यात ओढून आणली गेली. ज्यांचे पूर्वज विणकर होते त्यांनाच विणायला मनाई! यापेक्षा मोठा विनोद मनूलाही सुचला नसता. शुद्धाशुद्धीच्या आड चांगल्या पगाराच्या जागा राखून ठेवण्याचा व्यवहार होता, हेही उघड आहे.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ विचारले की, तुमच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत, विणकाम खात्यातही, प्रवेश ही मागणी आहे का? नसेल तर आमच्या लोकांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण कुरकुरत. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि खरे सांगायचे तर त्यात तथ्य होते. जगातल्या कामगारांनो एक व्हा, ही घोषणा त्या धोट्याच्या भोकाशी येऊन अडकली होती. आजही वर्गाच्या नावाने जात झाकणाऱ्या मित्रांना आम्ही हाच धोटा दाखवतो.

त्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. वतन म्हणजे काय, तर परंपरेने चालत आलेले काम, वर ‘मानाचे’ हे विशेषण, आणि खाली रात्रंदिवसाची वेठबिगार. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१८ मध्येच ही वतने मोडीत काढली होती. आणि १९२८ च्याच जुलैत बाबासाहेब गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून त्याच सभागृहात बोलले. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. फ्लोरेन्स केलींच्या खोलीत चाललेले काम हेच होते, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

आणि टकळीच्या खोलीचे काय? ती आपल्याकडे गांधीजींनी उघडली. चरखा, टकळी, खादी. पण लेबर म्युझियममध्ये टकळी मुलीला तिच्या यंत्राचा इतिहास कळावा म्हणून ठेवलेली होती. इथे चरखा भविष्य म्हणून दिला गेला. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यावर नेमके बोट ठेवले. यंत्र नको म्हणजे सामान्य माणसाला फुरसत नको, आणि फुरसत नसेल तर त्याने माणसासारखे सुसंस्कृत जगायचे केव्हा? यंत्राचा दोष नाही, यंत्राची मालकी आणि समाजाची रचना चुकीची आहे, ती बदला, असा त्यांचा रोख होता. त्याच ठिकाणी त्यांनी भंगीकामाच्या गौरवाचाही समाचार घेतला. काम पवित्र आहे असे सांगून माणसाला पिढीजात त्या कामात ठेवणे, याला त्यांनी क्रूर थट्टा मानले. कामाचा मान करण्याच्या नादात काम सोडण्याचा हक्क कसा गिळला जातो, याचे इतके स्वच्छ विवेचन दुसरीकडे सापडत नाही.

म्हणून वारसा कार्यशाळा भरवणाऱ्यांना आम्ही ड्यूईंचीच कसोटी लावतो. बाबासाहेबांनी ती १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये आपल्यासमोर ठेवली आहे. भूतकाळातले सगळेच पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे नसते. उद्याचा समाज अधिक चांगला करील तेवढेच निवडून द्यायचे, बाकीचे सुकलेले लाकूड. पैठणीवरचा मोर द्या, जरूर द्या. पण ती विणणाऱ्याला काय मिळत होते आणि त्याच्या घरात शाळा पोचली का, हे त्याच कार्यशाळेत सांगत नसाल, तर तुम्ही सुकलेले लाकूड रंगवून विकता आहात. शिकवायला कोणाला बसवता, हाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी आम्ही पाहतो ते असे की, शहरी ‘डिझायनर’ माइकवर बोलतो आणि विणकर बाजूला मुकाट हात चालवून दाखवतो. अँजेलिनाची आई तरी तिथे शिकवणारी होती.

चांगले घडतच नाही असे नाही. कच्छमधल्या भुजोडीचे वणकर आज स्वतः शिकवतात, स्वतःच्या नावाने शाली विकतात, पाहुणे त्यांच्या अंगणात येऊन बसतात. ज्या जातीच्या हाताचा विटाळ मानला गेला, तिच्या अंगणात जाऊन शिकणे याला आम्ही मोल देतो. त्या अंगणातल्या पोरीला वकील व्हायचे असेल तर तिला ‘परंपरा बुडाली’ असे कोणी म्हणू नये, एवढेच.

आपल्या वस्त्यांत अशी कार्यशाळा कोणत्या वस्तूवरून सुरू करावी, असे कोणी विचारले तर आम्ही लुगडे म्हणू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमच्या नेसण्यावरून, अंगावरच्या जड कथला-चांदीच्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती खूण पुसून टाका, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली, घोट्यापर्यंत नेसू लागल्या. कापड तेच, सूत तेच, माग तोच. फक्त निऱ्या बदलल्या आणि एक व्यवस्था हादरली. भारतीय वस्त्रांच्या कोणत्या प्रदर्शनात ही नेसण मांडलेली आहे? बुद्धविहारात एक दुपार ठरवा, म्हाताऱ्या बायांना बोलवा, त्यांच्या आया-आज्या आधी कशा नेसत आणि नंतर कशा नेसू लागल्या हे त्यांच्याच हातांनी पोरींना दाखवू द्या. पलंगाखालची पेटी आमच्याही घरी आहे.

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. याच समूहाची सहा क्रमांकाची मिल म्हणजे दादरची इंदू मिल. तिथे चैत्यभूमीच्या शेजारी बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे. एका गिरणीत कापडाचा इतिहास आणि दुसरीत बाबासाहेब, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही. काळाचौकीच्या संग्रहालयात साचे येतील, धोटे येतील, शाळेच्या सहली येतील, मुलांसाठी कार्यशाळा होतील. तिथल्या धोट्याखाली पाटी लावताना सूत ओठांनी कसे ओढत हे लिहा, कोणाच्या ओठांना मनाई होती हे लिहा, आणि १९२८ साली ती मनाई उठवा म्हणून कोण उभे राहिले हेही लिहा. मराठीत हे तीन ओळींत बसते. पाटी लागण्याच्या आधी ही मागणी महापालिकेकडे लेखी गेली पाहिजे, आणि तिच्यावर गिरणगावातल्या जुन्या रिंग खात्यातल्या कामगारांच्या मुला-नातवंडांच्या सह्या हव्यात.